बरणीवरची तारीख

आमच्या घरात कोणी आजारी पडलं की माझी धाकटी जाऊ आधी डॉक्टरकडे जात नाही, कचऱ्याच्या डब्याकडे जाते. बाह्या वर सरकवते, आतलं एकेक वेष्टन बाहेर काढते, उलटसुलट करून बघते, वास घेते आणि मग जाहीर करते, "मला आधीच वाटलं होतं." एकदा भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, नुसती उचकी लागली होती. तेव्हाही तिने पावाचा कागद शोधून काढला आणि त्यावरची तारीख त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. तारीख पुढचीच होती. त्यामुळे तिचा संशय कमी झाला नाही, उलट वाढला.

"इन्स्पेक्टरीणबाई," भाऊजी उचकी आवरत म्हणाले, "मला अटक कधी करताय?"

आम्ही एकाच इमारतीत राहतो. वरच्या मजल्यावर मी, माझ्या यजमानांच्या मागे एकटी. खाली धाकटी, भाऊजी, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि त्या दोघांची छकुली. खालच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून धाकटीचं शिलाई मशीन आहे. पडदे, गणवेश, मुलांचे कपडे, जुन्या कपड्यांची दुरुस्ती असलं काम ती गेली कित्येक वर्षं करते आहे. तिचं म्हणणं असं, की हा धंदाच संशयी माणसाचा आहे. कापडवाला मोजताना कापड ताणतो आणि गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढतं. दोघांवरही विश्वास ठेवला तर कपडा अंगात जाणार नाही.

हाच न्याय ती बाजारात लावायची. आमच्या गल्लीच्या टोकाला एक किराणा दुकान आहे. दुकानदाराचं तोंड इतकं गोड, की सगळी गल्ली त्याला मागून गोडबोल्या म्हणते. खरेदीला गेलं की धाकटी प्रत्येक डबा, पुडा, बाटली उजेडाकडे धरायची. तारखेवरून बोट फिरवायची. कुणी आकडा पुसून नवा उमटवला असेल तर तो बोटाला कळतो, असं तिचं मत. मी कॉन्व्हेंटच्या शाळेत होते तेव्हा आमच्या सिस्टर रांगेत उभं करून मुलींची नखं बघायच्या. धाकटीला पुडे तपासताना पाहिलं की मला त्या आठवायच्या आणि मी नकळत हात मागे घ्यायची.

"या मावशी," गोडबोल्या म्हणायचा, "तुमच्यासाठी ताजा माल आत काढून ठेवलाय."

"आतला नको. समोरचा दे, सगळ्यांना दिसतो तो."

"मावशी, तुम्ही आहात म्हणून माझं दुकान चोख आहे बघा."

"मी नसते तर?" ती विचारायची, आणि त्याचं हसू जरा वेळ तसंच चेहऱ्यावर राहून जायचं.

बिल मात्र ती घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही.

घरी आल्यावरची तिची पद्धत ठरलेली होती. कागदाच्या खोक्यात मुंग्या शिरतात म्हणून आतली वस्तू काचेच्या बरणीत ओतायची. मग कापडाच्या मोठ्या कात्रीने खोक्यावरची तारखेची पट्टी कापायची आणि ती बरणीला चिकटवायची. स्वयंपाकघरातल्या फळीवर अशा बरण्यांची रांग होती. प्रत्येकीच्या पोटावर आपापली तारीख. तारीख संपली की बरणी खाली. उरलेला पुठ्ठा ती टाकत नसे. त्याचे साचे करायची, कॉलरचे, खिशांचे, कफांचे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या मुलांच्या खिशांचा आकार बिस्किटांच्या खोक्यांतून आलेला आहे.

सूनबाई घरात आली तेव्हा या बरण्यांनी तिचंही स्वागत केलं. ती मितभाषी, पण उत्तर गिळणारी नव्हे. धाकटीचं तिच्यावर बारीक लक्ष असे. बरणी पुरती कोरडी केली का, गॅस नीट बंद केला का, झाकण फिरवलं की नुसतं ठेवलं. सूनबाई म्हणायची, "आई, मी परीक्षेला बसलेय असं वाटतं." धाकटी म्हणायची, "मग अभ्यास कर." एकाच ठिकाणी दोघींचं जमायचं, आणि ते म्हणजे मशीनपाशी. तिथे धाकटीने तिला हात धरून शिकवलं. छकुली झाल्यावर सूनबाई तिची झबली, फ्रॉक स्वतः शिवू लागली. प्रत्येक फ्रॉकला इवलासा खिसा. त्या खिशात ठेवायला छकुलीकडे काहीच नव्हतं, तरी खिसा हवाच.

छकुली बसायला लागली तेव्हा तिला वरच्या दुधाची पावडर सुरू झाली. धाकटीने ती स्वतः जाऊन आणली. निळं खोकं, त्यावर हसऱ्या बाळाचं मोठं चित्र. तिने ते उजेडाकडे धरलं, तारखेवरून बोट फिरवलं, बिल घेतलं. घरी येऊन पावडर बरणीत, पट्टी बरणीवर.

खोकं आणून आठदहा दिवस झाले असतील. एका सकाळी छकुलीला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. दुपारपर्यंत पोर इतकी मलूल झाली, की मुलाने तिला उचललं तेव्हा तिची मान त्याच्या खांद्यावरून घरंगळली. आम्ही सगळे इस्पितळात गेलो. तिच्या हाताला सलाइन लावली. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. ते म्हणाले, "पोटात काहीतरी दूषित गेलेलं दिसतंय. दुधाची बाटली नीट उकळता ना?"

त्यांनी सहज विचारलं असेल. रोज दहा आयांना विचारत असतील. पण धाकटीने मान वळवून सूनबाईकडे पाहिलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

"उकळली होतीस?"

"रोज उकळते, आई."

"रोजचं नाही विचारलं. काल?"

"कालही."

"मी बघितलं नाही."

"तुम्ही बघितलं नाही म्हणजे झालंच नाही का?"

"मी काय बघितलं नाही ते मला चांगलं ठाऊक आहे," धाकटी म्हणाली. या वाक्याचा अर्थ काय ते मला आजही कळलेलं नाही, पण त्या दिवशी सगळ्यांना तो लागला. मुलगा दोघींच्या मध्ये उभा होता. तो भिंतीवरच्या सूचना वाचू लागला.

तेवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण छकुली सावरायला लागली, तिच्या गालावर रंग आला, तशी धाकटीच्या जिभेला धार आली. इस्पितळाच्या व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ती मुलाला म्हणाली, "हिच्या हातात मूल सुखरूप नाही. मी सांगतेय ते लिहून ठेव."

सूनबाईने ते ऐकलं. ती रडली नाही, भांडली नाही. छकुलीला घरी सोडलं त्या दिवशी ती रिक्षात बसली आणि तिने रिक्षावाल्याला आपल्या आईच्या घराचा पत्ता सांगितला. मुलाला एवढंच म्हणाली, "कपडे आणून दे. आणि आईंना सांग, त्यांचा माझ्यावर विश्वास बसेल त्या दिवशी मी येईन. तोवर छकुलीही नाही."

मुलगा कपड्यांची पिशवी आणि शिवणाची टोपली घेऊन गेला. परत आला तो आईशी बोलेनासा झाला. घर चिडीचूप झालं. भाऊजीसुद्धा थट्टा करेनात.

धाकटीने मात्र तपास चालू ठेवला. नळाचं पाणी बाटलीत भरून उन्हात धरलं. गच्चीवरची टाकी उघडायला लावली. टाकी धुणाऱ्याला असं काही बोलली, की तो पुन्हा आमच्या इमारतीत यायला तयार नाही. माझ्याकडे येऊन विचारलं, "ताई, तुम्ही त्या दिवशी छकुलीला बिस्कीट तर नाही ना दिलंत?" मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. "नाही, आपलं विचारलं," ती म्हणाली आणि जाता जाता माझ्या बिस्किटांच्या डब्याकडे नजर टाकून गेली.

मग एका सकाळी तिने जिन्यातून मला हाक मारली. आवाज वेगळा होता. मी खाली गेले. ती फळीवरच्या बरण्या पुसायला बसली होती आणि दुधाच्या पावडरीची बरणी तिच्या मांडीत होती.

"ताई, हे बघा."

बरणीवरच्या पट्टीवर पुढच्या वर्षाची तारीख होती, टोकाला छपाईचा गुलाबी डाग. पण तारखेचा एक कोपरा वर वळला होता. धाकटीने नखाने तो अलगद उचलला. खोक्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर अगदी त्याच मापाचा, त्याच रंगाचा कागद चिकटवलेला होता. तो सोलून निघाला. खाली पुठ्ठ्यावर छापलेली खरी तारीख होती. ती सहा महिन्यांपूर्वीच संपलेली.

धाकटी आपल्या बोटाकडे बघत होती. ज्या बोटावर तिने आयुष्यभर विश्वास ठेवला, त्याने पुसलेला आकडा ओळखला असता. वर चिकटवलेला अख्खा खोटा कागद त्याला ओळखता आला नव्हता.

"सुटलं कसं हे?" मी विचारलं.

"वाफेने. ही बरणी मागच्या छोट्या शेगडीच्या वर असते ना, तिथे वाफ लागते."

"कसली वाफ? त्या शेगडीवर तू काय ठेवतेस?"

"मी काही नाही ठेवत. तिथे फक्त सूनबाईचं ते बाटल्या उकळायचं..."

ती मध्येच थांबली. बरणी तिने खाली ठेवली, मग पुन्हा उचलली.

माझ्या मते त्या क्षणी तिने सरळ सूनबाईकडे जायला हवं होतं. पण धाकटी उठली, पायात चपला अडकवल्या आणि बरणी काखेत मारून थेट गोडबोल्याच्या दुकानात गेली. मी मागोमाग धावले.

गोडबोल्याने बरणी पाहिली, पट्टी पाहिली, सोललेला कागद पाहिला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"मावशी, पोरीचं ऐकलं मी. फार वाईट वाटलं. पण हे काय आहे? ही तर काचेची बरणी."

"पट्टी तुझ्या खोक्याची आहे. बिल आहे माझ्याकडे."

"बिलावर दुधाची पावडर आहे, हो. मी विकलीच आहे. पण हा तुकडा त्याच खोक्याचा कशावरून? गल्लीत आणखी चार दुकानं आहेत. खोकं आणा मावशी, खोकं. बरणी तुमची, कात्री तुमची, चिकटवलंय तुम्ही. मी काय बोलणार?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आपल्यात कशाला वाढवायचं? नवीन खोकं घेऊन जा. घरातल्या घरात मिटवून टाकू."

"तुझ्या घरातली कधी झाले मी?" धाकटी म्हणाली.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा मी मागे वळून पाहिलं. तो फळीवरून निळी खोकी उतरवत होता.

ग्राहकांच्या तक्रारींचं कार्यालय बसने अर्ध्या तासावर आहे. एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, लाकडी बाकं, भिंतीवर मोठ्या अक्षरांत ग्राहकांचे हक्क लिहिलेले. तिथल्या अधिकारी बाई चष्मा साखळीला अडकवून गळ्यात सोडत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. धाकटी त्यांच्याकडेही संशयाने बघत होती. गोडबोल्या यांनाही साखर पुरवत असेल, असं ती माझ्या कानात म्हणाली, आणि ते बाईंना ऐकू गेलं.

"मी बिनसाखरेचा चहा पिते," बाई म्हणाल्या. "आता ऐका. मुदत संपलेला खाण्यापिण्याचा माल विकणं हाच गुन्हा आहे. तो खाऊन कुणी आजारी पडलंच पाहिजे असं नाही. तारीख झाकून विकणं त्याहून गंभीर. घाऊकवाल्याने तसाच पाठवला, असं म्हणून दुकानदाराला काखा वर करता येत नाहीत. ज्याने तुम्हाला विकला, तो तुम्हाला जबाबदार. वकील लागत नाही, तुम्ही स्वतः बोलू शकता. इथवर तुमची बाजू चांगली आहे."

"आणि कुठून वाईट आहे?"

"कात्रीपासून," बाई म्हणाल्या. "पट्टी खोक्यावर असती तर आजच मी माणूस पाठवला असता. आता माणूस पाठवते, पण तुम्ही आधी दुकानात जाऊन आलात. फळीवर काही सापडेल असं वाटत नाही. बरणीतली पावडर तपासली तरी तो म्हणेल, बरणीच अस्वच्छ होती. एवढ्या काळजीने तुम्ही स्वतःच पुरावा कापून टाकलात, बाई. खोक्याचा बाकीचा भाग आहे का?"

धाकटी मला घेऊन जिन्यात आली आणि पायरीवर बसली. तिला सगळं आठवलं होतं. बाकीचा पुठ्ठा तिने सूनबाईला दिला होता. सूनबाईने त्यातून छकुलीच्या फ्रॉकच्या खिशाचा साचा कापला होता. तो साचा शिवणाच्या टोपलीत, आणि टोपली तिच्या आईकडे.

"तिने मुद्दाम नेला," धाकटी म्हणाली.

हे घरी भाऊजींनी ऐकलं तेव्हा इतक्या दिवसांनी ते पहिल्यांदा हसले. "हो तर! गोडबोल्याशी कट करून. दोघांनी मिळून खिसा शिवला."

"तुम्ही जाऊन मागा ना, ताई," धाकटी मला म्हणाली. "तुम्हाला देईल ती."

"देईल. पण मी नाही जाणार. माझं काय अडलंय?"

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी तू जा. मी सोबत येते, बोलणार नाही."

सूनबाईच्या आईचं घर एका लाँड्रीच्या वर आहे. जिन्यात इस्त्रीच्या कपड्यांचा गरम वास येतो. आम्ही घंटी वाजवली. दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून विहीणबाईंचा एक डोळा दिसला.

"कोण हवंय?"

"विहीणबाई, आम्ही आहोत," मी म्हणाले. बोलणार नाही असं ठरवूनही बोलावं लागलं.

"दिसतंय ते. कोण हवंय असं विचारलं."

आतून सूनबाईचा आवाज आला, "येऊ दे गं, आई." साखळी निघाली. छकुली जमिनीवर बसून लाकडी चमचा आपटत होती. धाकटीला बघून तिने चमचा थांबवला, निरखून पाहिलं आणि पुन्हा आपटायला सुरुवात केली. धाकटी दोन पावलं पुढे गेली, पण कुणी बस म्हटलं नव्हतं, म्हणून तिथेच उभी राहिली.

"कशासाठी आलात?" सूनबाईने विचारलं. "छकुलीसाठी की आणखी कशासाठी?"

"खिशाच्या साच्यासाठी," धाकटी म्हणाली.

विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. मला तर जमिनीत शिरावंसं वाटलं.

"बघ, म्हणजे कामापुरत्या आल्यात," विहीणबाई लेकीला म्हणाल्या.

"छकुलीसाठी आले असं म्हटलं असतं, तर तू विश्वास ठेवला असतास?" धाकटीने सूनबाईला विचारलं.

सूनबाईने थोडा विचार केला. "नाही."

"म्हणून खरं ते सांगितलं."

मग तिने पिशवीतून बरणी काढली. पट्टी दाखवली, सोललेला कागद दाखवला. गोडबोल्याने काय म्हटलं आणि अधिकारी बाईंनी काय म्हटलं, ते सगळं सांगितलं, अगदी कात्रीसकट. सूनबाई पट्टी जवळ घेऊन बघत राहिली.

"हे निघालं कसं? चांगलं घट्ट चिकटलेलं दिसतंय."

"वाफेने," धाकटी म्हणाली. "तुझ्या पातेल्याच्या."

सूनबाई उठली, टोपली उघडली, तळातून साचा काढला. खिशाच्या आकाराचा निळा पुठ्ठा. त्यावर हसऱ्या बाळाचा चेहरा आडवा आला होता, पण त्याला एक कान नव्हता. कपाळावर गोडबोल्याच्या दुकानाचा जांभळा शिक्का होता. त्याला प्रत्येक खोक्यावर आपल्या नावाचा शिक्का मारायची हौस होती.

धाकटीने हात पुढे केला. सूनबाईने साचा मागे घेतला.

"मी देणार नाही. मी स्वतः घेऊन येईन, ज्या दिवशी बोलावतील त्या दिवशी. तुमच्या हातात दिला तर घरी पोचेपर्यंत तुम्ही त्यातून आणखी काहीतरी कापाल."

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

सुनावणीच्या दिवशी गोडबोल्या पांढरा शर्ट घालून आणि वकील घेऊन आला होता. आम्हाला पाहून त्याने सवयीने नमस्कार केला. लांबट खोली, लांब टेबल, पलीकडे तीन माणसं, त्यात त्या चष्म्याच्या बाई. वकिलाने बरणी सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, ज्या घरात खाण्याच्या वस्तू मूळ वेष्टनातून काढून अशा ठेवतात, त्या घराने दुकानदाराला दोष कसा द्यावा? ही पट्टी रस्त्यावर सापडलेल्या कुठल्याही खोक्याची असेल.

धाकटी बोलायला उठली, तेवढ्यात मागच्या बाकावरून सूनबाई उठली. तिने टेबलावर साचा ठेवला. चष्म्याच्या बाईंनी बरणीवरची पट्टी भिजवून अलगद सोडवून घेतली आणि साच्याच्या वरच्या सरळ कडेला लावली. खिशाचं तोंड सरळच असतं, म्हणून सूनबाईने ती कड कापली नव्हती. जशी धाकटीच्या कात्रीने सोडली होती तशीच ती राहिली होती. पट्टीच्या टोकाला गुलाबी रंगाचा जो डाग आम्हाला छपाईचा वाटत होता, तो बाळाचा कान होता. तो गालाला जाऊन भिडला. बाळ पुरं झालं. कपाळावर जांभळा शिक्का आणि कानापाशी संपलेली तारीख.

"हा शिक्का तुमचाच ना?" बाईंनी विचारलं.

गोडबोल्याने वकिलाकडे पाहिलं. वकील कागद लावत होता.

"माल वरूनच तसा आला, मॅडम. मी गरीब माणूस, विश्वासावर धंदा करतो."

"कुणाच्या विश्वासावर?" धाकटी म्हणाली. टेबलापलीकडचे एक गृहस्थ खोकले, पण मला तो खोकला वाटला नाही.

निकाल काही आठवड्यांनी आला. मुदत संपलेला माल तारीख झाकून विकल्याचं सिद्ध झालं. दुकानाला दंड, परवाना काही काळ बंद, ग्राहकाला भरपाई. घाऊकवाल्याशी काय ते त्याने स्वतंत्र बघावं. सगळं आमच्या बाजूने होतं. धाकटीने कागद मला मोठ्याने वाचायला लावला आणि एका वाक्यापाशी हात वर केला. "हे पुन्हा वाचा."

त्यात लिहिलं होतं, की बालिकेचा आजार याच पावडरीमुळे झाला हे सिद्ध होऊ शकलेलं नाही, कारण नमुना उघड्या बरणीतला होता.

आम्ही कार्यालयाच्या पायरीवर होतो. निकाल घ्यायला सूनबाईही आली होती, छकुलीला कडेवर घेऊन. धाकटी तशीच वर गेली. मी मागून पोचले तेव्हा ती चष्म्याच्या बाईंना विचारत होती, "म्हणजे? पावडर की बाटली? ते कुठे लिहिलंय?"

"ते या कागदावरून ठरत नाही, बाई."

"मग कोणत्या कागदावरून ठरतं?"

"माझ्याकडे तसा कागद नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा गळ्यात सोडला आणि त्या जरा हसल्या. पण धाकटी हसली नाही.

खाली आल्यावर ती सूनबाईसमोर उभी राहिली.

"कागदात नाही लिहिलं."

"वाचलं मी."

"तरी घरी चल."

"कागदात नसताना? बसला विश्वास?"

धाकटीने खोटं बोलायला हवं होतं. कुणीही बोललं असतं. पण ती म्हणाली, "पुरता नाही अजून. पण तू नसताना तर माझा कुणावरच बसत नाही. टाकी धुणाऱ्यावर नाही, ह्यांच्यावर नाही, ह्या ताईंच्या बिस्किटांवर नाही. तू होतीस तेव्हा सगळा संशय एकीवर होता, बरं होतं."

सूनबाईने तोंड वळवलं. मला वाटलं ती रडते आहे. पण तिचे खांदे हलत होते ते हसण्याने.

"माझ्या अटी आहेत," ती म्हणाली. "खोकं संपेपर्यंत कापायचं नाही. आणि मी बाटल्या उकळत असताना तुम्ही स्वयंपाकघरात यायचं नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"बरं," धाकटी म्हणाली आणि छकुलीसाठी हात पुढे केले. छकुली विचार करून आली.

त्या संध्याकाळी मी खाली चहाला गेले होते. फळीवर बरण्यांच्या रांगेत एक अख्खं खोकं उभं होतं, तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलेलं. ते दुसऱ्या गल्लीतून आणलं होतं. आत सूनबाईने पातेलं ठेवलं होतं. धाकटी मशीनवर बसली होती, सुई कापडात रुतलेली, पाय पायडलवर, पण पाय हलत नव्हता. भाऊजी वर्तमानपत्राआडून तिच्याकडे बघत होते.

"ताई," ती कुजबुजली, "जरा बघून या ना, उकळी आली का."

"तू जा."

"मी कबूल केलंय."

"मी काही कबूल केलेलं नाही, तरी जाणार नाही," मी म्हणाले.

ती बसून राहिली. जरा वेळाने आतून झाकण खडखडू लागलं आणि पाठोपाठ सूनबाईचा आवाज आला, "आई, झाकण वाजतंय. ऐकू येतंय ना?"

"येतंय गं," धाकटी म्हणाली. तिने चाकाला हात घातला, मशीन सुरू झालं, एक शिवण सरळ संपली. मग ती पुन्हा थांबली आणि माझ्याकडे झुकली.

"आत बाटल्या नसल्या, नुसतं पाणी असलं, तरी झाकण असंच वाजतं, नाही का हो?"